उजवीकडचा खिळा

आमच्या घरात उजवी अशी मी एकटीच. बाकी सगळे डावखुरे. सासरे डावखुरे, नवरा डावखुरा, थोरली मुलगी डावखुरी. धाकट्याच्या वेळी मी फार आशेवर होते. तो बसायला लागला तेव्हा एक दिवस सगळ्यांदेखत त्याच्यासमोर चमचा धरला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, चमच्याकडे पाहिलं आणि डावा हात पुढे केला. सासरे टाळ्या वाजवत अंगणभर फिरले.

जगात असेल उजव्यांचं राज्य, आमच्या उंबऱ्याच्या आत ते चालत नाही. दाराची कडी भलत्या अंगाला, कात्री उलट्या पात्यांची, दुधाच्या भांड्याची चोच पलीकडे. जेवताना शेजारच्याच्या कोपराला कोपर लागतं म्हणून मी टेबलाच्या टोकाला बसते. लग्न होऊन आले त्या पहिल्या सकाळी मी कडी शोधत दाराशी इतका वेळ उभी होते, की सासऱ्यांना वाटलं सून माहेरी निघाली.

माझी तक्रार कडीबद्दल नव्हती. कडीची सवय होते. माझी तक्रार खिळ्याबद्दल होती.

कोठारात शिरलं की दाराच्या डाव्या अंगाला, भिंतीतल्या लाकडी पट्टीवर, विळे टांगायचे खिळे आहेत. घरातलं कुणी विळा धरण्याजोगं झालं की बाबा, म्हणजे माझे सासरे, त्याला दारात उभं करतात आणि म्हणतात, "डोळे मीट, हात वर कर." बोटं पट्टीला जिथं टेकतील तिथं पेन्सिलीची खूण करायची आणि खिळा ठोकायचा. मग अंधार असो की डोळ्यांत झोप असो, हात गेला की विळा हातात येतो. थोरलीचा खिळा ती वाढेल तसा वर सरकत गेलाय आणि खाली जुनी भोकं दिसतात. धाकटा सारखा गुणगुणतो म्हणून त्याला आम्ही भुंगा म्हणतो. त्या भुंग्यालासुद्धा खिळा आहे आणि त्यावर लाकडी विळा आहे. माझा विळा मात्र बादलीत, खुरप्यांच्या सोबतीला.

कारण काय, तर मला कापता येत नाही. आणि खरंच येत नव्हतं. विळ्यांना धार बाबा लावतात आणि ती एकाच अंगानं लावतात, डाव्या हाताच्या सोयीनं. तसला विळा मी उजव्या हातानं मारला की मक्याच्या ताटावरून घसरून जायचा. बाबा म्हणायचे, "तुझं मनगट वळत नाही गं." इतक्या वर्षांत मलाही ते पटलं होतं.

आता भुलभुलैयाचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच गेलं.

पानं पिवळी पडायला लागली, मक्याची कणसं खुडून झाली, की शेतात नुसती वाळलेली ताटं उभी राहतात, माणसाच्या डोक्याहून उंच. ती कापून गुरांना हिवाळाभर घालायची असतात. पण सगळी एकदम कापण्याआधी बाबा त्यांच्यातून वाटा कापतात. वळणं, फाटे, पुढे बंद होणाऱ्या बोळी. कोठाराच्या बाजूनं आत शिरायचं आणि तळ्याच्या बाजूनं बाहेर पडायचं. तो रविवार आला की सगळं गाव आमच्या शेतात असतं. नियम दोनच. एक, ताट मोडायचं नाही, तो गुरांच्या तोंडचा घास आहे. दुसरा, वाट सापडेनाशी झाली की सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडायचं, "हरलो!" मग तळ्याकाठी गवताच्या गंजीवर बसलेले बाबा वरून हाका मारून त्या माणसाला बाहेर काढतात. आणि गाव हसतं.

गाव आत जाऊन आलं की शेवटी घरचे जातात. वाट कशी आहे ते बाबा घरच्यांनाही सांगत नाहीत, तरी नवरा आणि मुलं शीळ घालत बाहेर येतात. बाबा गंजीवरून छाती काढून सांगतात, "आमच्या रक्तात आजवर कुणी 'हरलो' म्हटलेलं नाही."

रक्तात म्हणजे मला सोडून. मी दर वर्षी हरते. दर वर्षी, स्वतःच्या शेतात, सगळ्या गावासमोर. पोस्टमन आणि मी, आमची दोघांची आरोळी ठरलेली. पोस्टमन निदान दुसऱ्याच्या शेतात हरतो.

या वर्षी बाबा सफरचंदं काढताना शिडीवरून पडले. फार नाही लागलं, पण डावं मनगट प्लॅस्टरमध्ये गेलं. संध्याकाळी जेवताना एकच विषय. मका उभा, रविवार जवळ आणि कापणार कोण? माझ्या नवऱ्यानं एकदा कापला होता भुलभुलैया. तो इतका सरळ निघाला, की लोक एका टोकाला उभे राहून दुसऱ्या टोकाचं तळं बघत होते. त्याचं नाव अजूनही 'बोगदा' आहे.

"यंदा राहू दे," बाबा म्हणाले. भुंग्याचं गुणगुणणं बंद पडलं.

"मी कापते," मी म्हणाले.

भुंग्याच्या तोंडातलं दूध नाकातून बाहेर आलं. नवरा मान खाली घालून हसला, थोरली उघड उघड हसली. बाबा हसले नाहीत. त्यांना माझी दया आली आणि तीच मला जास्त झोंबली.

"अगं, स्वतःच्या शेतात हरवतेस तू," ते समजुतीनं म्हणाले. "दुसऱ्याला काय चकवणार?"

"जो हरवतो त्यालाच ठाऊक असतं, कुठं हरवायला होतं ते!"

रागाच्या भरात बोलले, पण वाक्य असं काही झकास निघालं की माझं मलाच नवल वाटलं. आता मागं कसली हटते!

"पैज लावा," मी म्हणाले. "मी कापते. तुम्ही आत जायचं. 'हरलो' म्हणून ओरडलात, तर इथून पुढे भुलभुलैया माझा आणि गंजीवर मी बसणार."

"आणि नाही ओरडलो तर?"

"तर जन्मभर त्या दिवशी निमूट कणसं भाजत बसेन. तोंडातून एक शब्द काढणार नाही."

नवऱ्यानं मान वर केली. "एक शब्द नाही?" त्याच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला, की मला तिथल्या तिथं त्याला बोगद्याची आठवण करून द्यावी लागली.

बाबा मिशीतल्या मिशीत हसले. "लागली पैज. पण सांगून ठेवतो, मी ओरडणार नाही. आमच्या रक्तातच नाही ते."

दुसऱ्या दिवशी मी लोहाराकडे गेले. म्हटलं, "उजव्या हाताचा विळा हवा. धारही तशीच लावून द्या."

"तुमच्या घरी?" लोहारानं हातातला हातोडा खाली ठेवला, दारात आला आणि सूर्य कुठून उगवलाय ते बघून घेतलं. मग विळा दिला.

त्या विळ्याचा पहिला हात मी मारला आणि ताट सप्पकन आडवं झालं. मला खरं वाटेना. दुसरं कापलं. तिसरं कापलं. सपासप! काही वळायचं राहिलं नव्हतं माझ्या मनगटाचं. विळा माझा नव्हता, एवढंच होतं. मी त्या मक्यात एकटी उभी राहून मोठ्यानं हसले आणि मग थोडी रडलेही, कारण इतकी वर्षं त्या बादलीकडे बघून मी मान खाली घातली होती.

पुढचे दिवस मी भूत लागल्यासारखी कापत होते. गाईंचं झालं, स्वयंपाक झाला, की शेतात. आखणी वगैरे काही नाही. हात जिकडे वळेल तिकडे वाट आणि मला जिथं जायला आवडणार नाही तिथं बंद बोळ. कापलेल्या पेंढ्या मीच ओढून आणायची, घरच्यांना आत पाऊल टाकायची बंदी. थोरली माळ्याच्या खिडकीतून डोकावताना सापडली, तेव्हा मी खिडकीवर गोधडी टांगली. नवरा रात्री म्हणाला, "अगं, मला तरी सांग." मी म्हटलं, "तुम्ही बोगदेवाले, तुम्हाला कळायचं नाही." माझ्या हाताला फोड आले, अंगभर मक्याचं कूस टोचत होतं आणि मी लहान मुलीसारखी खूश होते.

रविवार असा उजाडला की कुणालाही घरात बसवू नये. गार, कोरडा वारा आणि लख्ख ऊन. झाडांखाली पिवळ्या पानांचे ढीग, त्यात पोरांच्या उड्या. सायकली, बैलगाड्या, बाबागाड्या, गावातली झाडून सगळी माणसं आणि तितकेच कुत्रे. कणसं भाजायला या वर्षी नवरा बसला होता. पहिल्या कणसाचा कोळसा झाला, दुसरं आतून कच्चं राहिलं, आणि मला कसं सांगू किती बरं वाटलं!

मी गंजीवर चढले. वरून सगळं शेत दिसत होतं, माझ्या वाटा, माझी वळणं. खाली बाबा लाल लोकरी टोपी घालून, प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवून उभे होते. त्यांनी वर बघून टोपीला हात लावला. मीही मान हलवली, सेनापतीसारखी.

"सोडा!" मी ओरडले, आणि गाव आत शिरलं.

पोट धरून हसण्याची तयारी करून बसले होते मी. आणि होतं काय, तर पोस्टमन बाहेर आला. सगळ्यांत पहिला. दर वर्षी माझ्या जोडीनं हरणारा पोस्टमन शीळ घालत तळ्याकाठी आला, वर बघून त्यानं हात हलवला आणि म्हणाला, "वहिनी, यंदा सोपं ठेवलंत, फार उपकार झाले!"

पाठोपाठ बेकरीवाला आला, मग शाळेच्या बाई पोरांची आगगाडी घेऊन आल्या. काही जण चुकत होते, धडपडत होते, हसत होते, पण फिरून फिरून वाटेला लागत होते. "हरलो" म्हणून ओरडला तो फक्त न्हावी. तोच न्हावी, जो दर वर्षी पहिला बाहेर येऊन आम्हाला चिडवतो. मला वाटलं, तोही माझी दया येऊन ओरडला असणार. संपलं, मी मनात म्हटलं. पोस्टमनला जमलं, ते बाबांना जमणार नाही? जन्मभर कणसं भाज आता. शेकोटीशी बसलेल्या नवऱ्याकडे माझं लक्ष गेलं. तो नव्या कणसावर मीठ भुरभुरत मजेत बसला होता. त्याचं लक्ष लागलं होतं माझ्या जन्मभराच्या गप्प बसण्याकडे.

मग घरच्यांची पाळी आली. बाबा पुढे, मागे नवरा, थोरली आणि भुंगा. आत शिरताना बाबा मोठ्यानं म्हणाले, "चला रे, चहा गार व्हायच्या आत बाहेर!" लोक हसले.

पहिला फाटा आला. बाबा क्षणभरही न थांबता डावीकडे वळले. बंद बोळ. मागे फिरले. पुढच्या फाट्यावर पुन्हा डावीकडे. तिकडे एक लांब वळसा होता, तो त्यांना फिरवून पहिल्या जागी घेऊन आला. नवरा दुसऱ्या वाटेनं गेला होता, तोही डावीकडे. थोरली डावीकडे. भुंगा पळत होता, आणि पळत पळत प्रत्येक फाट्याला डावीकडे.

मी गंजीवर उभीच राहिले.

हे सगळे डावीकडेच वळताहेत! विचार न करता, हात जिकडे ओढतो तिकडे. आणि माझ्या वाटा सगळ्या उजवीकडे उघडत होत्या, कारण मी कापताना माझाही हात मला तिकडेच ओढत होता. एकदम लख्ख कळलं मला सगळं. बाबांचे भुलभुलैये डावीकडे उघडायचे, म्हणून त्यांचं रक्त कधी हरायचं नाही. आणि म्हणून मी दर वर्षी हरायचे, मी आणि पोस्टमन. मघाशी ओरडलेला तो न्हावी, तोही डाव्या हातानं कात्री धरतो! मला तिथंच नाचावंसं वाटलं, पण गंजीवर नाचलं तर माणूस थेट तळ्यात जातं.

खाली तर जत्राच भरली. चौघं चार वाटांनी फिरून एकाच बंद बोळात येऊन एकमेकांवर आदळले.

"तू इथं काय करतोस?" बाबांचा आवाज.

"तुम्ही काय करताय?" नवरा.

"मी वाट बघून ठेवतोय!"

गाव नुसतं लोळत होतं. भुंग्याला हे इतकं आवडलं की तो मुद्दाम तीच चक्कर पुन्हा मारून आला आणि मग सगळ्यात आधी, आनंदानं, बेंबीच्या देठापासून ओरडला, "हरलोऽऽ!" आमच्या रक्तातला पहिला. मी हाका मारून त्याला बाहेर काढला. पाठोपाठ थोरली ओरडली, मग नवरा. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. "आता तू आयुष्यभर बोलणार," तो एवढंच म्हणाला.

बाबा मात्र आतच होते.

ते ओरडेनात. लाल टोपी फिरत होती, थांबत होती, पुन्हा फिरत होती. फाट्यावर आली की डावीकडे. लोक आधी हसत होते, मग गप्प बघत राहिले, मग एकेक जण निघाला. गुरांच्या दुधाची वेळ झाली होती. ऊन तळ्यापलीकडे उतरलं आणि गार वारा सुटला. शेवटी टोपी एका जागी थांबली ती हललीच नाही. बसले असावेत.

आता मात्र माझी मजा विरायला लागली. पडलेला, म्हातारा, प्लॅस्टरमधला माणूस थंडीत बसून राहिलाय आणि मी पैज जिंकायची वाट बघतेय. हाक मारून त्यांना बाहेर काढावं, तर त्यांचा पाणउतारा. ते न ओरडता मी वाट सांगितलेली त्यांना चाललीच नसती. आणि खरं सांगते, मला ती पैज सोडवत नव्हती. अगदी त्या क्षणीसुद्धा सोडवत नव्हती. म्हटलं, आपण नुसतं जाऊन त्यांच्याजवळ बसू, शाल देऊ. पुढचं पुढे.

शाल घेतली आणि तळ्याच्या बाजूनंच आत शिरले. वाट माझी, हातानं कापलेली, मला काय विचारायचंय! फाटा आला, वळले उजवीकडे. पुढचा आला, उजवीकडे. आणखी एक, उजवीकडे. आणि समोर ताटांची भिंत.

मागे फिरले. पुन्हा उजवीकडे. पुन्हा भिंत.

मग लक्षात आलं. मी उलट्या बाजूनं आत आले होते. तिकडून येताना जे उजवं होतं, ते इकडून जाताना डावं झालं होतं. आणि आता किती वळणं घेतली तेही आठवत नव्हतं. अतिशहाण्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मीच.

"कोण आहे?" ताटांच्या भिंतीपलीकडून आवाज आला. अगदी जवळून, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून.

"मी, बाबा."

"मला काढायला आलीस? मी ओरडलो नाही अजून."

"काढायला नाही. शाल द्यायला."

"मग ये आत."

मी दोन पावलं टाकली. पुन्हा भिंतच.

"काय झालं?"

"येता येत नाहीये."

"म्हणजे?" ते सावकाश म्हणाले. "तुझ्याच भुलभुलैयात?"

"हो."

आणि बाबा हसले. असे हसले की ताटं हलली. हसता हसता खोकले, खोकता खोकता पुन्हा हसले, आणि मलाही आवरेना. मधे एवढीशी मक्याची भिंत, लाथ मारली तर पडेल, पण दोघांच्याही मनात आलं नाही. गुरांचा घास तो. मी ताटांच्या फटीतून शाल पलीकडे सरकवली.

"मग ओरड की," ते म्हणाले. "तुला सवय आहे."

"आज नाही ओरडणार."

"मीही नाही."

बसलो दोघं. पानांची सळसळ ऐकत बसलो. माझे पाय गार पडायला लागले. थोड्या वेळानं ते म्हणाले, वेगळ्याच आवाजात, "मी मघापासून एक बघतोय. फाटा आला की मी डावीकडे जातो. ठरवलं की उजवीकडे जायचं, तरी पाय डावीकडे जातो."

"मलाही वरून तेच दिसलं."

"म्हणजे आजवर पोरं माझ्या वाटा ओळखायची, ती अशी. आणि तुला दर वर्षी..." ते थांबले. "मला वाटायचं, मी फार हुशार. आमचं रक्तच हुशार. हुशार कसले गं, आम्ही नुसते डावखुरे!"

माझ्या जिभेवर टोमणा तयार होता. मी, मेलीनं, तो गिळला!

"पाय गार पडलेत का तुझे?" त्यांनी विचारलं.

"पडलेत थोडे."

मग कपड्यांची सळसळ झाली. ते उठून उभे राहिले असावेत. त्यांनी घसा साफ केला, जसा भाषणाला उभं राहणारा माणूस करतो, आणि सगळ्या शेतावरून, तळ्यावरून, गावाच्या शेवटच्या घरापर्यंत जाईल असा आवाज काढला:

"हरलोऽऽऽ!"

गावातून आधी एक कुत्रा भुंकला. मग कुठल्या तरी गोठ्यातून टाळ्या वाजल्या. मग दुसऱ्या. थोरली केव्हाच गंजीवर जाऊन बसली होती, तिनं वरून हाक दिली, "आजोबा, उठलात ना? आता उजवीकडे!... नाही, उजवीकडे!... अहो आजोबा, तो डावा!" मला काढायचं काम तिनं भुंग्याकडे दिलं. त्यानं मला दोनदा बोळात घातलं, ते मुद्दाम. तळ्याकाठी बाहेर पडलो तेव्हा नवऱ्यानं आमच्यापुढे एकेक कणीस धरलं. न करपलेलं, आतपर्यंत भाजलेलं. तेवढ्या वेळात तो शिकला होता.

सकाळी मी चूल पेटवत होते, तेव्हा बाबांनी कोठारातून हाक मारली. गेले तर ते दारात उभे होते. तोंडात खिळा, कानावर पेन्सिल, उजव्या हातात हातोडा. माझा नवा विळा बादलीतून काढून पुसून ठेवलेला.

"उभी राहा इथं," खिळ्यामागून ते म्हणाले. "डोळे मीट, हात वर कर."

मी डोळे मिटले. हात वर केला. या घरात इतकी वर्षं काढलेली मी, डाव्या अंगाच्या त्या पट्टीकडे आपसूक माझा डावा हात गेला.

"तो नव्हे," बाबा म्हणाले, "तुझा."

मी उजवा हात वर केला. दाराच्या उजव्या अंगाला, जिथं कधीच काही नव्हतं, तिथं माझी बोटं एका नव्या पट्टीला टेकली. पेन्सिलीची खूण झाली आणि हातोड्याचे ठोके सुरू झाले. मी डोळे उघडले नाहीत, कारण त्यांत पाणी आलं होतं आणि ते बाबांना दिसू द्यायचं नव्हतं.

उजव्या हातानं ठोकलेला खिळा, तो वाकडाच बसला. विळा नीट अडकतो त्यावर.